पहिली ओळ देवाची

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. वणीला आमच्या घरासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. घरात साधं मीठ मागायचं असलं तरी ओरडून मागावं लागे. ती सवय कॉलेजात सुटली नाही, नोकरीतही सुटली नाही. आई म्हणायची, हिला ज्या घरी देऊ त्या घरातले लोक चार दिवसांत कानात कापूस घालतील. कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता.

नागपूरच्या एका लहानशा कंपनीत मी प्रोग्रॅम लिहायचे. कंपनी म्हणजे दोन खोल्या, चार कम्प्युटर आणि आमचे सर. एका दिवाळीच्या आधी सरांनी मला सांगितलं की पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेला लागून एका संस्थेचं कापूस खरेदी केंद्र आहे, तिथे महिनाभर जाऊन बस, तू त्याच जिल्ह्याची आहेस, तुला भाषा कळेल. मला तेव्हा हा सन्मान वाटला होता. नंतर समजलं की बाकीच्या तिघांनी आधीच नाही म्हटलं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं, आणि पुण्याची मावशी फोन करून दबक्या आवाजात विचारायची, तिकडे सगळे बरे आहेत ना गं. मला त्याचा भारी राग यायचा. वाईट दिवस होते, खोटं नाही. पण लोक लग्नं करत होते, पोळ्याला बैल सजवत होते, भजे खात होते आणि मुख्य म्हणजे कडाकडा भांडत होते. पेपरवाले जीप घेऊन रडका चेहरा शोधत यायचे, तेव्हा हे भांडण त्यांना कधी दिसलं नाही.

भांडण असायचं रांगेचं. खरेदी सुरू होण्याच्या दिवशी बैलबंड्या आणि ट्रॅक्टर हायवेपर्यंत लागायचे आणि पुढे कोण यावरून काठ्या निघायच्या. त्यातही पहिल्या नंबराची गोष्ट वेगळी. मुहूर्ताला वजनकाट्याची पूजा होई. जी बंडी पहिली काट्यावर चढे तिलाही हळद-कुंकू, आणि तिच्या मालकाला टॉवेल, टोपी, नारळ. त्याचा फोटो काढत आणि तो केंद्राच्या ऑफिसात भिंतीवर लावत. भिंतीवर असे पंधरा-वीस फोटो होते. नीट पाहिलं की लक्षात यायचं, चेहरे बदलले तरी नाकं तीन-चारच आहेत. पहिली बंडी कुणाची हे रांगेत ठरत नव्हतं, ते आधीच कुठेतरी ठरलेलं असायचं.

त्या वर्षी संस्थेवर नवे अध्यक्ष आले होते. त्यांनी जाहीर केलं की यंदा रांग नाही, नोंदणी. आठ दिवस आधी येऊन नाव लिहायचं, आणि ज्या क्रमानं नावं त्याच क्रमानं काटा. यादी मुहूर्ताच्या सकाळी कम्प्युटर काढेल आणि ती माइकवर वाचली जाईल. आधी काढली तर आधीच भांडणं होतील. मी त्यांना पहिल्याच दिवशी छाती फुगवून म्हटलं होतं, साहेब, माणूस खोटं बोलेल, कम्प्युटर खोटं बोलत नाही. त्यांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते दोन ठिकाणी भाषणातही वापरलं.

केंद्रावर माझ्या हाताखाली, किंवा मी त्यांच्या हाताखाली, एक दिवाणजी होते. वय साठीला टेकलेलं, चष्म्याला दोरी, अक्षर मोत्यासारखं. तीस वर्षांची रजिस्टरं त्यांच्या हातची होती. कम्प्युटरला ते घाबरले नाहीत. उजव्या हाताचं एकच बोट पुढे करून ते एकेक अक्षर असं दाबायचे की अक्षराला लागू नये. मी त्यांना नावं भरायला शिकवलं आणि स्वतः यादीच्या मागे लागले.

यादीचं काम मला अर्ध्या दिवसाचं वाटलं होतं. अवघड भाग सरांनी करून ठेवला होता. कोणी कधी नाव नोंदवलं, कोणी रद्द केलं, कोणी एकाच नावानं दोनदा लिहून ठेवलं, हे सगळं चाळून, निवडून, क्रमानं लावून देणारं एक फंक्शन त्यांनी डेटाबेसच्या पोटातच लिहून ठेवलं होतं. मी माझ्या प्रोग्रॅममधून त्याला हाक मारायची आणि ते जे देईल ते छापायचं, बस.

मी हाक मारली. मला वाटलं होतं, अख्खी यादी ओच्यात पडेल. पडला एक कर्सर. कर्सर म्हणजे यादी नव्हे, यादीवर ठेवलेलं बोट. हे बोट सुरुवातीला पहिल्या ओळीच्याही वर, कोऱ्या जागेवर असतं. 'पुढे' म्हटलं की पहिल्या ओळीवर येतं, ती वाचायची. पुन्हा 'पुढे' म्हटलं की दुसरीवर. मागे येणं त्याला ठाऊक नाही. हे समजायला मला सकाळ लागली. मग दुपारी बोट पुढे सरकवायला गेले तर डेटाबेस म्हणतो, असा कर्सर अस्तित्वातच नाही. आत्ता तर दिला होतास रे बाबा. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. वाचायला गेले, पुन्हा नाही. दोन दिवस हेच चाललं. मी त्या मशीनला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण दिवाणजींनी तेवढ्यात दोनदा खिडकी लावून घेतली, बाहेर बायका आवारातलं गवत काढत बसल्या होत्या म्हणून.

शेवटी पाण्याच्या टाकीवर चढले, कारण मोबाइलला रेंज तिथेच यायची, आणि सरांना फोन केला. सरांनी शांतपणे विचारलं, ऑटोकमिट बंद केलंस का? माझा प्रोग्रॅम प्रत्येक वाक्य बोलून झालं की आपण होऊन 'झालं, मिटलं' म्हणत होता, आणि बोलणं मिटलं की डेटाबेस आपलं बोट उचलून घेत होता. सगळी यादी वाचून होईपर्यंत बोलणं चालू ठेवायचं, एवढीच गोष्ट. मी खाली उतरून दिवाणजींना हे समजावलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हंजे बंडी काट्यावर चढवाची, अन् वजन वाचाच्या आधीच उतरवाची. असंच करून राह्यल्या होत्या न तुमी?"

असंच करून राह्यले होते. माणूस दोन मिनिटांत जे समजला त्याला मला दोन दिवस लागले, म्हणून मी त्यांच्यावर थोडी रागावलेही.

पण दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. कर्सरवर माझा विश्वास बसेना. म्हणून छापायला लागण्याआधी मी एक तपासणी घातली: बघ बाबा, आत काही आहे का, नसेल तर 'यादी रिकामी आहे' असं सांग, असेल तर छापायला लाग. ओळ मोठी देखणी वाटली मला. त्या दिवशी मी टपरीवर स्वतःला एक प्लेट जास्तीचे भजे दिले.

मग चाचण्या सुरू झाल्या. दिवाणजी रोज सकाळी गेल्या वर्षीच्या रजिस्टरमधलं एक पान कम्प्युटरात भरायचे, मी यादी छापायची, आणि ते लाल पेन्सिल घेऊन पानाशी ताडून बघायचे. पहिलं नाव बरोबर, दुसरं बरोबर, शेवटचं बरोबर. चौदा दिवस चौदा याद्या, एक चूक नाही. अध्यक्ष रोज येऊन लाल खुणा बघायचे आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे की मला वाटायचं, भिंतीवर माझाच फोटो लागणार आता.

नोंदणीच्या आदल्या दिवशी मी सगळी चाचणीची माहिती पुसायला बसले. पुसायच्या आधी सहज एकदा डोळ्यांखालून घातली, आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक दिवसाची पहिली नोंद एकच: नाव, श्री. गाव, काही नाही. वाहन, एक आडवी रेघ. अशा चौदा नोंदी.

मी दिवाणजींना हाक मारली आणि विचारलं, हे कोण श्री? ते म्हणाले, "कोन म्हंजे? कोऱ्या पानावर एकदम मानसाचं नाव लेहत नाही, बाई. पहिली ओळ देवाची असते." त्यांची तीस वर्षांची रजिस्टरं उघडून बघितली तर खरंच, प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री'. त्यांना कम्प्युटर म्हणजे रोजचं नवं पान वाटलं होतं. ताडताना ते अर्थातच देवाच्या ओळीवर लाल खूण करत नव्हते. देवाला कोण तपासणार?

मी मग सुरू झाले. दिवाणजी, देवाला कापूस विकायचा आहे का? देवाची बंडी आहे का ट्रॅक्टर? हे रजिस्टर नव्हे, डेटाबेस आहे, यात कचरा चालत नाही. कचरा हा शब्द मी वापरला, मला चांगलं आठवतं. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? मी तिथल्या तिथे चौदाच्या चौदा श्री पुसले आणि नियमच घातला, की गाव आणि वाहन भरल्याशिवाय नोंद पुढे जाणारच नाही. दिवाणजी फक्त "बरं" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुसून झाल्यावर मी पुन्हा एकदा चाचणी घ्यायला हवी होती. घेतली नाही. चौदा वेळा ताडलेलं पंधराव्यांदा कायले ताडायचं?

नोंदणीच्या दिवशी सकाळी गेट उघडलं तर दारात एक बाई बसलेली. साठीच्या जवळपास, निळ्या काठाचं लुगडं, पायात टायरच्या चपला. तिचं गाव जंगलाच्या बाजूला होतं. आदल्या संध्याकाळीच येऊन ती पांढरकवड्याला भाचीकडे उतरली होती, आणि तिथून पायी आली होती. आत आल्या आल्या तिनं "जयभीम" म्हटलं, दिवाणजी "राम राम" म्हणाले, आणि दोघांचंही भागलं. दिवाणजींनी एका बोटानं तिचं नाव भरलं. पावती छापून आली. पावतीवर नंबर एक.

मी ती पावती तिच्या हातात दिली. ती लगेच गेली नाही. भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहत राहिली. मग तिनं मला विचारलं, पहिला येतो त्याचाच फोटो लावता का? मी म्हटलं, हो. तिनं पुन्हा विचारलं, नक्की का? लग्न होऊन आल्यापासून ती याच काट्यावर कापूस आणत होती. आधी सासऱ्याबरोबर, मग नवऱ्याबरोबर, आता दिराच्या बंडीवर. कितीही लवकर निघालं तरी त्यांच्या बंडीचा नंबर लागेपर्यंत दिवे लागलेले असायचे. काट्यावर नारळ फुटताना तिनं कधी पाहिलाच नव्हता, नुसती खाली पडलेली करवंटी पाहिली होती. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, हसत सांगितलं.

मला त्या हसण्यानं चेव आला. मी म्हटलं, "मावशी, यंदा वशिला नाही. कम्प्युटर कोणाचा मामा लागत नाही. पहिली पावती तुमची, पहिला काटा तुमचा. माझा शब्द."

तिनं पावतीची चार घड्यांची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि निघाली. तिच्यानंतर दुसरा नंबर लागला तो एका मोठ्या शेतीवाल्या काकांचा. भिंतीवरच्या तीन-चार नाकांपैकी एक नाक त्यांच्या घरचं होतं. त्यांचा गडी पावती घेऊन गेला, आणि पावतीवर दोनचा आकडा पाहून त्याला जरा नवल वाटल्याचं दिसलं. मला फार बरं वाटलं.

मुहूर्ताच्या सकाळी केंद्रावर मांडव होता, माइक होता, पोहे होते. हायवेच्या कडेनं बंड्या उभ्या होत्या. मावशीची बंडी लांबूनच ओळखू यायची. बैलांची शिंगं निळ्या रंगानं रंगवलेली, गळ्यात नव्या घुंगरमाळा. बंडीमागे एक टेम्पो भरून तिच्या आळीतल्या बायका आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. फोटो निघणार होता ना. मी खिडकीतून तिला हात केला, तिनंही केला. मग मी यादी छापली, प्रिंटर करकरला, कागद निघाला, आणि मी तो न वाचताच अध्यक्षांच्या हातात दिला.

अध्यक्षांनी माइकवर पहिलं नाव वाचलं. ते मोठ्या शेतीवाल्या काकांचं होतं.

काकांचा ट्रॅक्टर झेंडूच्या माळा घालून तयारच होता. गडी बहुतेक दर मुहूर्ताला सवयीनंच घालत असेल. तो काट्यावर चढला. काकांच्या डोक्यावर टोपी बसली, खांद्यावर टॉवेल आला. नारळ हातात द्यायचा तेवढ्यात मावशी गर्दीतून पुढे आली, हातात ती चार घड्यांची पावती. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी गोड आवाजात सांगितलं, मावशी, तुमचं नाव पुढे असेल, बसा. ती बसली नाही. मग त्यांनी अख्खी यादी वाचली. एक्केचाळीस नावं. तिचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे पहिला नंबर तर गेलाच, आज काटाच नाही. भरलेली बंडी घेऊन आल्या वाटेनं परत.

अध्यक्षांनी खांदे उडवले आणि माझंच वाक्य माइकवर बोलले, की कम्प्युटर खोटं बोलत नाही. मागून एक आवाज आला, फार मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका:

"कम्प्युटरलेही मानूस ओळखता येते म्हना."

टेम्पोतल्या बायका बसलेल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, ओरडण्याला उत्तर मला येतं.

मी ऑफिसच्या दारात उभी होते. लाज वाटते सांगायला, पण खरं सांगते: पहिलं अर्धं मिनिट मलाही वाटलं की म्हातारीचंच काहीतरी चुकलंय. पावती दुसऱ्या कुणाची असेल, नाव रद्द केलं असेल. चौदा वेळा ताडलेली यादी चुकेल कशी? मावशी गर्दी सोडून सरळ माझ्याकडे आली आणि पावती माझ्यासमोर धरली.

"पोरी, तुयाच हातानं देल्ली न मले हे? मंग तूच सांग. मी हावो का नाही?"

मी आत पळाले. खुर्चीत बसते न बसते तोच लाइट गेली आणि बॅटरीवर चालणारा डबा टीं टीं करायला लागला. तो दहा मिनिटं तग धरायचा, त्याहून एक मिनिट जास्त नाही. दिवाणजी माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि फंक्शनला थेट डेटाबेसात हाक मारली, हातानं. नावं आली बेचाळीस. पहिलं नाव मावशीचं.

म्हणजे फंक्शन बरोबर होतं. ती आत होती. माझ्या हातातून सांडली होती. मी माझा कोड उघडला, आणि ती देखणी तपासणीची ओळ माझ्याकडे पाहत होती. आत काही आहे का हे बघायचं म्हणजे काय, तर बोटाला 'पुढे' म्हणायचं. बोट पहिल्या ओळीवर येतं. हो, आहे. मग छपाई सुरू होते, आणि छपाई काय म्हणते? 'पुढे.' बोट दुसऱ्या ओळीवर. पहिली ओळ कधी छापलीच जात नाही. रोज, प्रत्येक यादीत, पहिली ओळ मी गिळत होते. आणि चौदा दिवस ते कुणाला समजलं नाही, कारण पहिल्या ओळीत श्री होते.

दिवाणजींना म्हटलं, दिवाणजी, मी तुमचा देव खात होते हो रोज. त्यांनी फक्त खुर्चीमागून हात लांब करून प्रिंटरचा कागद सरळ केला. मी ती ओळ खोडली, यादी पुन्हा छापायला टाकली. डबा टीं टीं करत होता आणि प्रिंटर आपल्या चालीनं एकेक ओळ करकरत होता. बेचाळिसावं नाव छापून झालं आणि पडदा काळा झाला.

आता बाहेर जाऊन सांगायचं होतं. मी फटकळ, पण स्वतःबद्दल फटकळ बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. दारापर्यंत जाईतो मी मनात तीन वाक्यं तयार केली होती, तांत्रिक बिघाड, विजेचा चढउतार, असली. मग मावशीवर नजर गेली. ती जिथे सोडली होती तिथेच उभी होती, पावती तशीच हातात धरून. लाइट नव्हती म्हणून माइकही बंद होता. माझं वणीचं शिक्षण कामी आलं.

मी ओरडून सांगितलं, "यादी चुकली आहे. कम्प्युटर चुकला नाही, फंक्शन चुकलं नाही, मी चुकले. पहिलं नाव माझ्या हातानं गळालं. पहिला नंबर मावशींचा आहे."

आणि नवी यादी अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर माझा फोटो लागायचा नाही हे मला तेव्हा पक्कं समजलं.

पुढचं सगळं सावकाश झालं. काकांनी टोपी काढली, टॉवेल काढला आणि टेबलावर ठेवला. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. हा इकडे वळवतोय, ट्रॉली तिकडे चाललीय, चार जण हातवारे करतायत, आणि गड्याला घाम फुटलाय. तेवढ्या वेळात टेम्पोतल्या बायकांना हसू आवरेना, आणि एकदा त्या हसल्यावर मांडवही हसला. शेवटी निळ्या शिंगांची जोडी घुंगरू वाजवत काट्यावर चढली.

अध्यक्षांची पंचाईत झाली ती सत्काराची. आजवर मुहूर्ताला बाई कधी आलीच नव्हती, त्यामुळे लुगडं-खण असं काही आणलंच नव्हतं. होती ती टोपी, तीही एकदा दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेली. मावशीनं टॉवेल खांद्यावर घेतला. टोपी तिनं हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि डाव्या बैलाच्या शिंगात अडकवली. नारळ मात्र तिनं कुणाला फोडू दिला नाही, स्वतः फोडला. एका घावात.

उन्हं वर आल्यावर ती ऑफिसात चाय प्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं. कर्सरचं नाही, देवाचं. पहिल्या ओळीचं, चौदा दिवसांचं, मी कचरा म्हटलं होतं त्याचं. दिवाणजी तिथेच होते, त्यांच्याकडे बघूनच सांगितलं. मला वाटत होतं ते आता मनसोक्त बोलून घेतील, आणि त्यांचा तो हक्क होता. पण ते भलतेच खुलले. म्हणाले, पहा, देवानं चौदा दिवस तुमच्या चुकीवर पांघरूण घातलं, अन् तुमी त्यालेच हाकललं. मी मान खाली घातली.

मावशी बशीत चाय ओतून फुंकर घालत होती. एक घोट घेतला, आणि दिवाणजींना म्हणाली, "तुमचा देव चौदा दिवस यादीत नोयता. कोनाले समजलं? तो काही बोलला नाही. मी एकच दिवस नोयती. मी बोलली."

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. मी तिच्या बशीत उरलेला चाय ओतला. तिनं बशी रिकामी केली, पदरानं तोंड पुसलं, आणि बंडी खाली झाली का ते पाहायला बाहेर गेली.